बुडीत उधारीचा दावा: गोव्यात पैसे वसूल कसे करावेत

हातउसने दिलेले ऐंशी हजार, टाइल्सच्या मालाचे पावणेदोन लाख, लग्नाच्या मांडवाचं राहिलेलं बिल. समोरचा आधी म्हणतो ‘चवथ जाऊ दे’, मग ‘नाताळ होऊ दे’, आणि पुढे फोनच उचलत नाही. अशा वेळी बहुतेक लोक वकील शोधायला निघतात. त्याआधी एक काम करायला हवं. त्या माणसाच्या नावावर नेमकं काय आहे आणि त्यातलं काय जप्त होऊ शकतं, हे पाहा.

न्यायालय पैसे देत नाही, हुकूमनामा देतं, म्हणजे अमुक रक्कम द्या असा निकालाचा कागद. त्या कागदाचे पैसे करायला वेगळा अर्ज लागतो, त्याला दरखास्त म्हणतात, आणि तिथे सगळा भार तुमच्यावर येतो. थकबाकीदाराचं बँक खातं कुठे आहे, पगार कोण देतं, गाडी कोणाच्या नावावर आहे, हे न्यायालय शोधून काढत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी एक कोरा कागद घ्या आणि माहीत आहे ते सगळं लिहून काढा. त्याने पूर्वी कधी चेक दिला असेल तर बँक आणि शाखा त्यावर छापलेली असते. यूपीआयने पैसे पाठवले असतील तर निदान बँकेचं नाव कळतं. जमिनीचा सर्वे नंबर ठाऊक असेल तर फॉर्म १ आणि १४, म्हणजे आपण सगळे ‘वन-फोर्टीन’ म्हणतो तो उतारा, भूमी अभिलेख खात्याच्या संकेतस्थळावर बघता येतो. घरपट्टी कोणाच्या नावावर आहे हे पंचायतीत किंवा पालिकेत कळतं. गाडी असेल तर आरसी बुकावर बँकेचा बोजा आहे का पाहा. कर्जावरच्या गाडीवर पहिला हक्क बँकेचा असतो.

गोव्यात यात दोन खास अडचणी येतात. राहतं घर स्वतःचं, पण खालची जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची, आणि राहणारा मुंडकार, म्हणजे त्या जमिनीवर घर करून राहणारा, अशी घरं गावोगाव आहेत. बाहेरून बंगला दिसतो, उताऱ्यावर नाव दुसऱ्याचंच. दुसरी अडचण लग्नाची. आपल्याकडच्या कुटुंब कायद्याप्रमाणे लग्नाआधी वेगळा करार नोंदवला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता साधारणपणे सामाईक धरली जाते. नवऱ्याने काढलेल्या कर्जापोटी घर जप्त करायला गेलात की बायको ‘माझा अर्धा वाटा’ म्हणून हरकत घेते. कर्ज कशासाठी घेतलं होतं, घरखर्चासाठी की एकट्याच्या धंद्यासाठी, यावर पुढचं बरंच काही ठरतं. म्हणून दोघांनाही प्रतिवादी करायचं का, हा प्रश्न वकिलाला दावा लिहिण्याआधीच विचारा. नंतर विचारून उपयोग नसतो.

कागदावर काहीच आलं नाही, म्हणजे नोकरी नाही, जमीन नाही, खात्यात शिल्लक नाही, तर दावा करू नका. कोर्ट फी आणि वकिलाचा खर्च जाईल आणि हातात फ्रेम करून लावण्याजोगा हुकूमनामा राहील.

तारखा मोजा

पैशाच्या दाव्याला मुदत ३ वर्षांची. ती कुठून मोजायची, इथेच लोक चुकतात. हातउसने पैसे, परतीची तारीख न ठरवता किंवा ‘मागेन तेव्हा दे’ म्हणून दिलेले असले, तर पैसे दिले त्या दिवसापासून. मागितले तेव्हापासून नव्हे. १० जून २०२३ला पैसे दिले असतील तर १० जून २०२६पर्यंत दावा दाखल व्हायला हवा. माल उधारीवर दिला आणि ३० दिवसांची सवलत ठरली असेल तर ते ३० दिवस संपल्यापासून, काहीच ठरलं नसेल तर माल पोचवला त्या दिवसापासून. कामाची मजुरी असेल तर काम पुरं झाल्यापासून. मागणी करताच देय असलेल्या वचनचिठ्ठीवर (प्रॉमिसरी नोटवर) तर चिठ्ठीच्या तारखेपासूनच घड्याळ सुरू होतं.

काही जुनी माणसं अजून सांगतात की गोव्यात पोर्तुगीज कायद्याप्रमाणे वीस-तीस वर्षं मुदत मिळते. एके काळी यावर खरोखरच वाद होता. पण २००१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्याच एका बँकेच्या खटल्यात स्पष्ट केलं की करारातून आलेल्या येण्याला भारताचा १९६३चा मुदत कायदाच लागतो. कोणी वीस वर्षं म्हणालं तर ऐकून सोडून द्या.

मुदत संपत आली असेल तर ती वाढवायचे दोन मार्ग आहेत, आणि दोन्ही मुदत संपण्याआधीच चालतात. एक, त्याच्या सहीची लेखी कबुली. दोन, त्याने दिलेला काही हप्ता किंवा व्याज, पण ते दिल्याची नोंद त्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी हवी. चेकवर सही असते, म्हणून चेक चांगला. यूपीआयने आलेल्या ५,००० रुपयांवर भिस्त ठेवू नका, त्यावर सही कुठे आहे असा वाद घालता येतो. व्हॉट्सॲपवरचं ‘हो रे, देतो’ पुरावा म्हणून उपयोगी पडेल, मुदत वाढवायला पुरेलच असं नाही. त्यापेक्षा त्याच्या घरी जाऊन, चहा पिऊन, एवढ्या चार ओळी लिहून सही घ्या:

‘मी, (नाव, वडिलांचं नाव, राहणार), श्री./श्रीमती (नाव) यांच्याकडून दि. ____ रोजी घेतलेल्या रु. ____ पैकी आज दि. ____ रोजी रु. ____ देणं बाकी आहे हे कबूल करतो. ही रक्कम मी दि. ____ पर्यंत परत करीन.’

खाली सही, तारीख, दोन साक्षीदार. या कबुलीच्या दिवसापासून नवी ३ वर्षं मिळतात. तारीख हवीच, कबुली मुदतीत झाली हे तिच्यावरून सहज दाखवता येतं. ३ वर्षं उलटून गेली असतील तर साधी कबुली पुरत नाही. ‘देईन’ असं लेखी, सही केलेलं नवं वचन लागतं. वरच्या मसुद्यातली शेवटची ओळ त्यासाठीच आहे.

मुदतीचा शेवटचा दिवस मे महिन्याच्या सुट्टीत पडला तर न्यायालय उघडेल त्या दिवशी दावा घातला तरी चालतो. पण ही सवलत शेवटच्या क्षणासाठी राखून ठेवू नका.

कागद

सर्वात जास्त दावे एका फुटकळ गोष्टीवर अडतात, ती म्हणजे मुद्रांक. वचनचिठ्ठी करून घेतली आणि त्यावर रेव्हेन्यू तिकीट लावलं नाही, तर ती पुराव्यात येतच नाही. इतर करारपत्रांना कमी मुद्रांक असेल तर दंड भरून दोष काढता येतो. वचनचिठ्ठीला ती सोय नाही. तिकीट आधी लावायचं आणि सही तिकिटावरून आरपार जायला हवी. ५,००० रुपयांवरच्या पावतीला एक रुपयाचं तिकीट लागतं. बिनतिकिटाची चिठ्ठी हातात असेल तर सगळं संपलं असं नाही. चिठ्ठी बाजूला ठेवून मूळ व्यवहारावर, बँकेतून गेलेल्या पैशांवर आणि साक्षीदारांवर दावा उभा करता येतो का हे वकिलाकडून तपासा. मात्र तो जड जातो.

रोखीने दिलेल्या पैशांबद्दल एक गैरसमज आहे. २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीने घेणं आयकर कायद्याला मान्य नाही आणि त्याचा दंड घेणाऱ्याला होतो. पण म्हणून देणंच बुडतं असं नाही. २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, तेही गोव्यातून गेलेल्या एका चेकच्या प्रकरणात, हे स्पष्ट केलं. तरीही ‘एवढी रोकड तुमच्याकडे आली कुठून’ हा प्रश्न उलटतपासात येणारच. त्याआधीच्या आठवड्यात खात्यातून पैसे काढल्याची नोंद असेल तर ती शोधून ठेवा.

व्यापाऱ्याने बिलापेक्षा डिलिव्हरी चलनाला जपावं. बिल आपणच छापतो, चलनावर समोरच्याची सही असते. साइटवरच्या कुठल्यातरी पोराने ‘मिळालं’ लिहून अक्षराची रेघोटी ओढली असेल तर मालक सरळ म्हणतो, हा माझा माणूसच नाही. नाव, हुद्दा, तारीख, गाडीचा नंबर घेऊन ठेवा. जीएसटी विवरणपत्रात ते बिल दाखवलं असेल आणि समोरच्याने त्यावर क्रेडिट घेतलं असेल तर तो चांगला पुरावा होतो.

मोबाइलवरचे संदेश, कॉल रेकॉर्डिंग, ईमेल वापरायचे असतील तर नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. १ जुलै २०२४पासून हे प्रमाणपत्र दोन भागांत असतं: एक तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक क्रमांक, लिहावं लागतं. फोन बदलू नका, संवाद खोडू नका. स्क्रीनशॉट काढताना वरचा नंबर आणि तारीख दिसली पाहिजे. नुसतं ‘बाबू टाइल्स’ असं तुम्ही सेव्ह केलेलं नाव न्यायालयाला काही सांगत नाही.

गोव्यातल्या न्यायालयांचं कामकाज मुख्यतः इंग्रजीत चालतं. मराठीतली चिठ्ठी, कोंकणीतला संदेश, खातेवहीचं पान, या सगळ्यांची भाषांतरं आधीच करून घ्या.

भागीदारीच्या फर्मने आणखी एक गोष्ट पाहावी. फर्म निबंधकाकडे नोंदलेली नसेल तर करारावरून बाहेरच्या माणसावर दावा करता येत नाही. भाऊ-भाऊ मिळून दुकान चालवतात, भागीदारी-पत्र कपाटात असतं, नोंदणी राहून गेलेली असते. दावा घालण्याआधी नोंदणी करून घ्या. आणि व्याजाने पैसे देणं हा नेहमीचा धंदाच असेल तर सावकारी परवाना हवा, नाहीतर तोच मुद्दा समोरचा वकील पहिल्यांदा काढतो. मित्राला एकदा दिलेले हातउसने पैसे सावकारी ठरत नाहीत.

नोटीस

साध्या पैशाच्या दाव्याआधी नोटीस द्यायलाच हवी असं कायदा म्हणत नाही. तरी द्या. निम्मे लोक नोटीस आल्यावरच हप्ते ठरवायला बसतात. दुसरं कारण व्याजाचं. व्याज लेखी ठरलेलं नसेल तर मागच्या काळाचं व्याज सहसा मिळत नाही. पण नोटिशीत ‘या तारखेपासून अमुक टक्के व्याज लावीन’ असं लिहिलं असेल तर १९७८च्या व्याज कायद्यान्वये नोटिशीच्या तारखेपासून व्याज मागता येतं. हे वाक्य विसरलं की तेवढं व्याज गेलं.

नोटिशीत व्यवहाराची तारीख, मूळ रक्कम, आलेले हप्ते, उरलेली बाकी, व्याजाचा दर आणि १५ दिवसांची मुदत एवढं पुरे. धमक्या, पोलीस, नातेवाईक, समाजात नाव जाईल, असं काही नको. ती नोटीस उद्या तुमच्याच विरुद्ध पुरावा म्हणून लागते. टपाल खात्याची जुनी रजिस्टर सेवा २०२५मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली आहे. म्हणून काउंटरवर स्पीड पोस्टसोबत नोंदणी आणि पोचपावती स्पष्ट सांगून मागा. पावती आणि ट्रॅकिंगचा छापील कागद एकत्र टाचून ठेवा. ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून पाकीट परत आलं तर ते उघडू नका, तसंच न्यायालयात द्यायचं असतं.

सरकारी खात्याकडे बिल अडकलं असेल तर मात्र दाव्याआधी २ महिन्यांची लेखी नोटीस सक्तीची आहे.

चेक असेल तर गोष्ट वेगळी

हातात न वटलेला चेक असेल तर दिवाणी दाव्याच्या जोडीला किंवा आधी परक्राम्य संलेख कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या) कलम १३८खाली फौजदारी तक्रार करता येते, आणि छोट्या रकमांना तीच जास्त लवकर हलवते. पण तिथल्या तारखा कडक आहेत. चेकवरच्या तारखेपासून ३ महिन्यांत तो बँकेत भरायचा. परत आल्याचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवायची. नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस द्यायचे. ते संपल्यावर एका महिन्यात, तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार. पंधरा दिवस पुरे होण्याआधीच घातलेली तक्रार अवेळी ठरून फेटाळली जाते, घाई करून उपयोग नाही. आरोपीने गुन्हा नाकारला तर न्यायालय चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देववू शकतं. तो अर्ज स्वतःहून करावा लागतो आणि पुष्कळदा कोणी करतच नाही. १३८ची तक्रार चालू आहे म्हणून दिवाणी दाव्याची ३ वर्षं थांबत नाहीत.

चेक नसताना पोलिसांत जाऊन फारसं साधत नाही. पैसे घेतानाच फसवायचा बेत होता हे दाखवता आलं तरच तो फसवणुकीचा गुन्हा. नुसतं न देणं हा गुन्हा नव्हे.

कोणत्या दारात जायचं

मुंबई-पुण्याला लघुवाद न्यायालयं आहेत. गोव्यात छोट्या रकमेचा दावाही तालुक्याच्या दिवाणी न्यायालयातच, साधारणपणे कनिष्ठ स्तर न्यायाधीशांपुढे जातो: म्हापसा, डिचोली, फोंडा, मडगाव, वास्को, केपे, जिथे प्रतिवादी राहतो किंवा धंदा करतो, किंवा जिथे व्यवहार घडला तिथे. तुम्ही पेडण्याचे, तो मडगावचा, आणि पैसे म्हापशात दिले, तर म्हापसा किंवा मडगाव. स्वतःच्या सोयीचं गाव निवडलं तर वादपत्र, म्हणजे दाव्याचा मूळ अर्ज, परत मिळतं आणि फेरा वाढतो.

दोघेही व्यापारी आणि मागणी ३ लाख किंवा जास्त असेल तर व्यवहार व्यावसायिक न्यायालयाच्या कक्षेत येऊ शकतो. तिथे तातडीचा अंतरिम हुकूम नको असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आधी मध्यस्थी करावीच लागते. २०२२च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यानंतर ती पायरी चुकवलेला दावा दारातूनच परत जातो. मध्यस्थीत गेलेले दिवस मुदतीत मोजत नाहीत.

उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या छोट्या उत्पादकाने किंवा सेवा देणाऱ्याने न्यायालयाआधी सूक्ष्म-लघु उद्योगांच्या सुविधा परिषदेचा विचार करावा. तिथे ४५ दिवसांपुढच्या थकबाकीवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. एवढा आकडा ऐकूनच पुष्कळ हॉटेलवाले जागे होतात. नोंदणी मात्र माल देण्याआधीची हवी, आणि नुसत्या खरेदी-विक्रीच्या धंद्याला ही दाद सहसा मिळत नाही.

लेखी करार, वचनचिठ्ठी किंवा हमीपत्र असेल आणि रक्कम ठरलेली असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७खालचा सारांश दावा, म्हणजे कमी पायऱ्यांचा दावा, घाला. साध्या दाव्यात प्रतिवादी कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, देण्यासाठी ३० दिवस घेतो, ते ९० पर्यंत ताणतो, मग मुद्दे, साक्षी, उलटतपास. सारांश दाव्यात त्याला समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत हजर व्हावं लागतं, नाहीतर तुम्हाला थेट हुकूमनामा मागता येतो. तो हजर झाला तर तुम्ही शपथपत्रासह निकालाचं समन्स बजावायचं, आणि मग त्याला १० दिवसांत बचाव करायची परवानगी मागावी लागते. बचाव पोकळ वाटला तर न्यायालय परवानगी नाकारतं, अर्धामुर्धा वाटला तर काही रक्कम भरायला लावून देतं.

इथली चूक ठरलेली आहे. शीर्षकात दाव्याच्या क्रमांकाखाली ‘दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ खाली’ ही ओळ हवी, आणि या ऑर्डरबाहेरची कोणतीही मागणी केलेली नाही असं वादपत्रात लिहावं लागतं. कोणीतरी रागाने ‘मनस्तापाबद्दल ५०,०००’ घालतो, आणि सारांश दाव्याचा साधा दावा होऊन बसतो. मनस्ताप सोडून द्या.

दावा दाखल करताना

वकील लावलाच पाहिजे असं नाही, स्वतःचा दावा स्वतः चालवता येतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, कामगार आणि ठरावीक उत्पन्नाखालचे लोक यांना विधी सेवा समितीकडून फुकट वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी वाट दाखवतात.

वादपत्रात पत्ता नीट लिहा. आपल्या गावांत एकाच आडनावाची चाळीस घरं असतात. घर क्रमांक, वाडा, जवळचं देऊळ किंवा कपेल, गाव, तालुका, पिन कोड, मोबाइल, ईमेल, कामाच्या जागेचा पत्ता, सगळं द्या. बेलीफ, म्हणजे समन्स पोचवणारा न्यायालयाचा माणूस, पहिल्यांदा गेला, दार बंद. दुसऱ्यांदा गेला, ‘दुबईला गेलाय’. दाव्याचं पहिलं वर्ष पुष्कळदा यातच जातं. समन्स बजावणी न होता परत आलं तर ७ दिवसांत नव्या समन्सचा अर्ज करा, नाहीतर दावा निकालात निघू शकतो. प्रतिवादी मुद्दाम टाळतोय हे दिसलं की दारावर चिकटवणं किंवा वर्तमानपत्रात जाहीर नोटीस अशा पर्यायी बजावणीचा अर्ज लगेच करा, तिसऱ्या फेरीची वाट पाहू नका.

सगळी मागणी एकाच दाव्यात यायला हवी. आज मूळ रक्कम मागितली आणि व्याजासाठी उद्या वेगळा दावा करू म्हटलं, तर तो दुसरा दावा चालत नाही. व्याजाचा हिशेब सोप्या तक्त्यात द्या. उदाहरणार्थ, रु. १,२०,००० वर ९ टक्के सरळ व्याज म्हणजे वर्षाला १०,८००, महिन्याला ९००. दावा दाखल होईपर्यंतचं व्याज आकड्यात आणि पुढचं ‘वसुलीपर्यंत’ म्हणून मागा. दाव्यानंतरचा दर न्यायालय ठरवतं. हातउसन्या पैशाला हुकूमनाम्यानंतर ६ टक्क्यांच्या वर सहसा मिळत नाहीत, म्हणून २४ टक्के लिहून कोर्ट फी वाढवू नका. कोर्ट फी मागणीच्या रकमेवर चढते, ती दाखल करण्याआधी फायलिंगच्या खिडकीवर मोजून घ्या. तुटपुंजी फी हे दावा रखडण्याचं सगळ्यात टाळता येणारं कारण आहे.

दावा नोंदला की १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो. त्यावर ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये पुढची तारीख दिसते. वकिलाला दर आठवड्याला फोन करायची गरज राहत नाही, वकीलही सुखी.

समोरचा जमीन विकायला निघाला असेल तर निकालाआधीच जप्ती मागता येते. पण ‘मला भीती वाटते’ एवढ्यावर ती मिळत नाही. जाहिरात, विसारपावती, दलालाचा संदेश, असं काही ठोस हवं.

तडजोड

मध्येच हप्त्यांवर तडजोड झाली तर आनंदाने करा. कोर्ट फी परत मिळते, आणि लोक अदालतीत झाली तर त्यावर अपीलही नाही. फक्त तडजोडपत्रात एक कलम असूच द्या: सलग दोन हप्ते चुकले तर उरलेली सगळी रक्कम व्याजासह एकदम देय होईल. पुढच्या तारखांचे चेक घेतले तर उत्तम. आणि ही तडजोड न्यायालयापुढे नोंदवून हुकूमनाम्यात आणा. बाहेर झालेल्या गोड बोलण्यावर दावा मागे घेतला की परत पहिल्या पायरीवर.

दरखास्त: खरी वसुली

हुकूमनामा झाल्यावर थकबाकीदार आपोआप पैसे आणून देईल ही आशा नको. अपिलाची वाट बघत बसू नका, अपील केलं म्हणून वसुली थांबत नाही, स्थगिती असेल तरच थांबते. दरखास्तीला १२ वर्षं मुदत असली तरी पहिल्या २ वर्षांत घाला. त्यानंतर आधी नोटीस काढावी लागते आणि त्याला मालमत्ता हलवायला तेवढा वेळ मिळतो.

पहिला अर्ज मालमत्तेच्या शपथपत्राचा करा. त्याने आपल्या मालमत्तेचा तपशील शपथेवर द्यायचा. हुकूम मोडला तर ३ महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. सुरुवातीला केलेला तुमचा कोरा कागद इथे कामाला येतो: त्याने लपवलेलं खातं तुम्ही दाखवलंत की त्याची अब्रू जाते आणि तडजोडीची भाषा सुरू होते.

जप्तीचा क्रम बँक खातं, पगार, त्याला दुसऱ्यांकडून येणारी रक्कम, गाडी, आणि शेवटी जमीन असा ठेवा. खात्यावर जप्ती न बोलता एका दिवसात बसते. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुटतात, म्हणजे २५,००० पगारातून महिन्याला ८,००० हाती लागतात. एकाच हुकूमनाम्यासाठी ही कपात २४ महिन्यांपलीकडे चालत नाही, म्हणून जास्तीत जास्त १,९२,०००. मोठी बाकी असेल तर पगारावर अवलंबून राहू नका. कंत्राटदाराला एखाद्या हॉटेलकडून बिल येणं असेल तर ती रक्कमच न्यायालयात भरायचा हुकूम हॉटेलला मिळू शकतो. वसुलीचा हा मार्ग कमी वापरला जातो आणि बहुधा सर्वात परिणामकारक असतो.

भविष्य निर्वाह निधी, अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याचं राहतं घर यांवर जप्ती येत नाही. जमिनीचा लिलाव लांबतो. भातशेतीची जमीन असेल तर २०२३च्या गोव्याच्या कायद्याने बिगरशेतकऱ्याला ती विकण्यावर बंधनं आहेत, त्यामुळे बोली लावणारेही थोडे. थकबाकीदार आता पुण्याला किंवा सावंतवाडीला नोकरी करत असेल तर हुकूमनामा तिथल्या न्यायालयाकडे पाठवून घेता येतो.

दिवाणी कैदेची धमकी सगळे देतात, प्रत्यक्षात ती क्वचित होते. पैसे असून, बदमाशीने देत नाही, हे सिद्ध करावं लागतं. गरीब आहे म्हणून आत टाकता येत नाही, आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही.

थकबाकीदार वारला तर वारसांवर दरखास्त चालते, पण वारशाने जेवढं मिळालं तेवढ्यापुरतीच. दावा चालू असतानाच वारला तर वारसांची नावं ९० दिवसांत लावा.

हप्ते न्यायालयाबाहेर आले तर प्रत्येकाची पावती द्या आणि न्यायालयात नोंद करून घ्या, म्हणजे नंतर ‘मी चाळीस हजार रोख दिले होते’ हा वाद उभा राहत नाही. शेवटचा हप्ता खात्यात जमा झाल्यावर पूर्ण वसुलीची पुरसिस, म्हणजे न्यायालयाला लेखी निवेदन, द्या, जप्त खातं मोकळं करायचं पत्र बँकेला जाईल याची खात्री करा, आणि मूळ वचनचिठ्ठी किंवा कोरे चेक तुमच्याकडे असतील तर ते पोच घेऊन परत द्या.